आजारी कैदी, दयेचा अर्ज आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले होते की आजारी कैद्याच्या दयेच्या अर्जावर रिपोर्ट लिहिताना माझा पेन सगळ्यात जास्त अडखळायचा, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की विचारू नका. काही चिडलेली, काही घाबरलेली, एकाने तर मलाच आत टाका म्हटलंय (वाचलं हो, धन्यवाद). नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते, मी डॉक्टर, तुरुंगाच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढली, नंतर मेडिकल बोर्डावर, म्हणजे असा अर्ज आला की कैद्याला तपासून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळावर, होते. अर्ज मंजूर करणारी मी कधीच नव्हते. पण खरं सांगायचं तर वरचे साहेब लोक रिपोर्टचं शेवटचं वाक्यच वाचतात, त्यामुळे ते वाक्य लिहिणाऱ्याने मी काय नुसती डॉक्टर असं म्हणून अंग काढून घेऊ नये. पत्रं मोठी होती, थोडी कापलीयेत, नावं घातलेली नाहीत.

प्रश्न : तीन महिन्यांचा सोबती म्हणून सोडतात आणि माणूस पुढे दोन-तीन वर्षं आरामात जगतो. ही फसवणूक नाही तर काय? डॉक्टर पैसे खातात की त्यांना कळत नाही? — एक निवृत्त बँक अधिकारी

तुमच्या डोक्यात लॉकरबीचं प्रकरण असणार, सगळ्यांच्याच असतं. 21 डिसेंबर 1988 ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावरून जाणाऱ्या विमानात बॉम्ब फुटला, 270 माणसं गेली, त्यात लिबियाच्या अब्देलबासित अल मेग्राहीला 2001 मध्ये जन्मठेप झाली. पुढे त्याला प्रोस्टेट कॅन्सर निघाला आणि 20 ऑगस्ट 2009 ला स्कॉटलंडचे न्यायमंत्री केनी मॅकअ‍ॅस्किल यांनी दया म्हणून त्याला घरी पाठवलं, अंदाज होता साधारण तीन महिन्यांचा. तो गेला 20 मे 2012 ला, म्हणजे बरोबर दोन वर्षं नऊ महिन्यांनी. त्याच ऑगस्टमध्ये ब्रिटनमधल्या 1963 च्या ट्रेन दरोड्यातला रॉनी बिग्ज ऐंशीच्या तोंडावर, न्यूमोनियाने खाटेला खिळलेला म्हणून सुटला, तो डिसेंबर 2013 पर्यंत होता. आणि फ्रान्सचा मोरिस पापों, दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना पकडून पाठवण्यात हात असलेला सरकारी अधिकारी, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत साथ दिली म्हणून 1998 मध्ये दहा वर्षांची शिक्षा, प्रत्यक्ष आत गेला 1999 ला, सप्टेंबर 2002 मध्ये 92 व्या वर्षी आजारपणावर सुटला आणि तुरुंगाच्या दारातून कुणाचा हात न धरता चालत बाहेर आला. ते दृश्य बघून लोक का भडकले हे मला चांगलंच समजतं. तोही 2007 पर्यंत जगला.

आता दुसरी बाजू ऐका. 2000 साली शिकागोत एक अभ्यास झाला होता, मरणाच्या वाटेवरच्या 468 पेशंटबद्दल त्यांच्या 343 डॉक्टरांना विचारलं की हा किती दिवस काढेल, आणि मग वाट बघितली. अंदाज बऱ्यापैकी बरोबर निघाले फक्त 20 टक्के. 63 टक्के वेळा डॉक्टरांनी जास्त दिवस सांगितले होते, कमी सांगितले फक्त 17 टक्के वेळा. म्हणजे आमची चूक बहुतेक वेळा तुम्ही समजता त्याच्या उलट दिशेला होते, आम्ही सहा महिने म्हणतो आणि माणूस पाच आठवड्यांत जातो. पण जो फाइल टेबलावर असतानाच बराकीत मेला त्याची बातमी होत नाही, बातमी होते ती जगून दाखवणाऱ्याची.

पैसे खाण्याबद्दल, नाही कसं म्हणू, खोटी सर्टिफिकेटं मी स्वतः पाहिलीत. आणि कधी खोटं नसूनही घोळ होतो. ब्रिटनमध्ये गिनेस कंपनीच्या शेअर घोटाळ्यातले अर्नेस्ट सॉन्डर्स, 1990 मध्ये पाच वर्षांची शिक्षा, अपिलात त्यांना डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि समज जाण्याचा आजार) सुरू झाल्याचा डॉक्टरी पुरावा आला, शिक्षा निम्मी झाली, दहा महिन्यांत बाहेर. आणि नंतर गृहस्थ ठणठणीत! डिमेन्शियातून कुणी असं बरं होत नाही, म्हणजे निदानच चुकलं असणार, आणि लोकांनी त्यावर विनोद करायचे ते केलेच.

तर माझं म्हणणं असं, की किती महिने उरले हा प्रश्नच बोर्डाला विचारू नये, निदान त्या एका आकड्यावर सगळा अर्ज टांगू नये. त्याऐवजी विचारा की याला स्वतःची आंघोळ जमते का, कपडे घालता येतात का, संडासला एकट्याला जाता येतं का, खाटेवरून खुर्चीत बसता येतं का, लघवी-संडासवर ताबा आहे का, घास तोंडात नेता येतो का. ही सहा कामं कुठल्याही वॉर्डात नर्स रोज बघते, त्यात ढोंग करणं चार दिवस जमेल, चार आठवडे जमत नाही. आणि दुसरं असं विचारा की जी ट्रीटमेंट याला लागते ती आत मिळतेय का, कागदावर नव्हे, खरोखर. या दोन्हींची उत्तरं वाईट असतील आणि माणूस तरीही तीन वर्षं जगला, तर निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. तीन वर्षं कुणीतरी त्याला पुसलं, भरवलं एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : जामीन, पॅरोल, शिक्षेत सूट, माफी हे सगळं एकच का? पेपरवाले काहीही लिहितात. — कायद्याची विद्यार्थिनी

एकच नाही, आणि तुला हे वर्गात शिकवतीलच, त्यामुळे थोडक्यात. कच्च्या कैद्याचा गुन्हाच अजून सिद्ध नाही तर माफी कसली देणार, त्याने जामीन मागायचा, आणि आपल्या नव्या संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 480 आजारी आणि अशक्त माणसाच्या जामिनाचा वेगळा विचार करतं. पॅरोलमध्ये शिक्षा आहे तशीच राहते, माणूस फक्त ठरावीक दिवस बाहेर. शिक्षेत सूट किंवा शिक्षा स्थगित करणं हे सरकारचं काम, त्याच संहितेचं कलम 473. त्याच्याही वर घटनेचं कलम 72 राष्ट्रपतींना आणि 161 राज्यपालांना माफीचा अधिकार देतं, दोघंही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरतात. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकली असती त्यात जन्मठेप असेल तर सरकारला 14 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सोडता येत नाही, पण ही अट 72 आणि 161 ला लागू पडत नाही असं सुप्रीम कोर्टाने मारू राम खटल्यात 1980 मध्येच सांगितलंय. कॅन्सर झालेला माणूस सहाव्या वर्षी आत असेल तर त्याला हा फरक म्हणजे सगळंच असतं, आणि बरेच अर्ज चुकीच्या दारात पडून सडतात ते यामुळेच.

प्रश्न : माझ्या वडिलांना ज्याने मारलं त्याला आता कॅन्सर झालाय म्हणून तो सुटायला बघतोय. माझे वडील कुणाचा हात हातात न घेता रस्त्यावर गेले. त्याला मात्र घरच्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मरायचंय. तुम्ही त्याच्यासाठी रिपोर्ट लिहाल ना? — एक मुलगी

हे पत्र मी दोन दिवस टेबलावर ठेवलं होतं. हो, लिहीन. त्याच्या अंगात जे आहे ते लिहीन, तुमच्या वडिलांबद्दल वाचून त्याचा ट्यूमर लहान करणार नाही आणि त्याची आई रडते म्हणून मोठाही नाही.

पण तुम्हाला जे टोचतंय ते मला वाटतं त्या 'दया' शब्दात आहे. सरकारने त्याला सोडलं म्हणजे तुमच्या वतीने त्याला माफ केलं असा त्याचा अर्थ होतो असं तुम्हाला वाटतं, आणि तुमच्या वतीने माफ करायचा अधिकार सरकारला कुणी दिला? कुणीच नाही. तुम्ही माफ करू नका. आजन्म करू नका, त्याने कुणाचं काही अडत नाही. सरकार फक्त एवढंच ठरवतं की कोर्टाने याला तुरुंगवास दिला होता, आता तिथे जे चाललंय ते अजून तुरुंगवासच आहे का, की उपचाराविना, वेदनेत, स्वतःच्या घाणीत पडून राहणं ही दुसरीच शिक्षा त्यात येऊन मिसळलीये जी कुठल्याच न्यायाधीशाने लिहिली नव्हती. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने 2002 मध्ये फ्रान्सला हेच सुनावलं होतं, रक्ताच्या कॅन्सरचा कैदी, केमोथेरपीला नेताना बेड्या, कोर्ट म्हणालं की ही अमानुष वागणूक झाली.

उलट उदाहरणही देते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी एकाच बाजूची फाइल उघडलीये. अमेरिकेत सुझन अ‍ॅटकिन्स, चार्ल्स मॅन्सनच्या टोळीने 1969 मध्ये केलेल्या खुनांमधली गुन्हेगार. मेंदूचा कॅन्सर, एक पाय कापलेला. 2008 मध्ये तिने आजारपणावर सुटका मागितली, तिच्यावर खटला चालवलेला सरकारी वकीलच सोडायला हरकत नाही म्हणाला, मेलेल्यांच्या घरचे मात्र ठाम विरोधात, पॅरोल बोर्डाने नाही म्हटलं. सप्टेंबर 2009 मध्ये तिला स्ट्रेचरवरून पुन्हा सुनावणीला आणलं, पुन्हा नाही, आणि 24 सप्टेंबरला ती तुरुंगातच गेली. त्या घरच्यांना त्यातून काही मिळालं का हे मी सांगू शकत नाही, आणि मिळालं नसेलच असं ठासून सांगणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही. लॉकरबीतही मेलेल्यांच्या नातेवाइकांचं एकमत नव्हतं, अमेरिकेतली बरीच घरं संतापली, ब्रिटनमधल्या काहींनी सोडलं ते बरं केलं म्हटलं.

तुमचं म्हणणं ऐकलं गेलंच पाहिजे, निर्णयाच्या आधी, नंतर नाही. तो राहणार कुठे, तुमच्या गल्लीत येणार का, फोन करणार का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यावर अटी मागता येतात. मी एक घर पाहिलंय ज्यांना कैदी सुटल्याचं पेपरातून कळलं. त्या बाई मला म्हणाल्या, सोडलंत त्याचं नाही, सांगितलं नाहीत त्याचं. लेखी द्या, आजच द्या, अर्जाचा निकाल लागायची वाट बघू नका.

प्रश्न : पुढाऱ्यांनाच बरे छातीत दुखतं? — अनेक वाचक (किमान नऊ पत्रं!)

नऊ पत्रांत नऊ वेगवेगळी नावं होती, मी एकही छापत नाही. पण प्रश्नात दम आहे, त्यामुळे लांबचं उदाहरण घेते. पेरूचे माजी अध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी, मानवाधिकारांच्या गुन्ह्यांत 2009 मध्ये 25 वर्षांची शिक्षा. 24 डिसेंबर 2017 ला, ऐन ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, तेव्हाचे अध्यक्ष कुचिन्स्की यांनी त्यांना आजारपणावर माफी दिली. आणि तीनच दिवस आधी काय झालं होतं, तर कुचिन्स्कींची स्वतःची खुर्ची महाभियोगात जाता जाता वाचली होती, वाचली कारण फुजिमोरींच्या मुलाचा गट मतदानाला तटस्थ राहिला. आता यात फुजिमोरींचं हृदय कसं होतं ते कोण बघणार! 2018 मध्ये कोर्टाने माफी रद्द केली, 2019 मध्ये ते परत आत, डिसेंबर 2023 मध्ये परत बाहेर, आणि सप्टेंबर 2024 मध्ये कॅन्सरने गेले, वय 86.

मला यात वाईट काय वाटतं सांगू, माणूस खरोखर आजारी होता की. पण सौदेबाजीत दिलेल्या माफीने खऱ्या आजाराचीही किंमत गेली, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक बिननावाच्या कैद्याच्या रिपोर्टकडे लोक तिरक्या नजरेने बघणार. यावर औषध म्हणजे कारणं लेखी असणं आणि ती कोर्टाला तपासता येणं. आपल्याकडे माफीचा निर्णय कोर्टाच्या पलीकडचा नाही, 2006 मध्ये एका राज्यपालांनी दिलेली शिक्षेतली सूट सुप्रीम कोर्टाने रद्द करून फेरविचाराला पाठवली होती (ते आजारपणाचं प्रकरण नव्हतं, पण नियम तोच). आणि बोर्डावर कैद्याला आधीपासून तपासणारा डॉक्टर एकटा नसावा, बाहेरचे दोन असावेत, एकमेकांना न विचारता लिहिणारे. फ्रान्सच्या 2002 च्या कायद्यात दोन तज्ज्ञांचे रिपोर्ट लागायचेच, गंमत म्हणजे पापों त्याच कायद्याखाली सुटला. त्याआधी त्याचे माफीचे अर्ज राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी फेटाळले होते. म्हणजे कायदा चांगला असला तरी त्यातून बाहेर येणारा माणूस तुम्हाला आवडेलच असं नाही.

प्रश्न : ज्याला स्वतःचा गुन्हाच आठवत नाही त्याला शिक्षा देऊन काय उपयोग? — एक वाचक, वय 71

आठवत नाही एवढ्यावर सोडावं असं मला वाटत नाही, आणि कोर्टालाही तसं वाटत नाही. अमेरिकेत 2019 मध्ये मॅडिसन विरुद्ध अलाबामा हा खटला झाला, फाशीचा कैदी, स्ट्रोकमुळे डिमेन्शिया, 1985 चा खून आठवत नाही म्हणाला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसतं न आठवणं पुरेसं नाही, पण ही शिक्षा मला का होतेय हेच ज्याला कळू शकत नाही त्याला फाशी देता येणार नाही. फरक बारीक आहे पण बरोबर आहे, आपणही लहानपणीचं कितीतरी विसरतो म्हणून त्याची जबाबदारी जात नाही. आपल्याकडेही 2014 मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात मानसिक आजार हे फाशी जन्मठेपेत बदलायचं कारण म्हणून सुप्रीम कोर्टाने मान्य केलं.

पण काका, तुरुंगात डिमेन्शिया म्हणजे काय ते कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही. गिनती चालू असते, शिपाई ओरडतो रांगेत बस, याला ते वाक्य पोचतच नाही, मग हुकूम मोडला म्हणून शेरा, मग तेच परत. रात्री उठून दुसऱ्याच्या अंथरुणात लघवी करतो आणि मार खातो. त्याला पुसतं कोण, तर दुसरा कैदी, बहुतेक वेळा एखादा तरुण पोरगा ज्याला कुणी विचारलेलं नसतं. मी असे पोरगे पाहिलेत, आणि त्या म्हाताऱ्यांपेक्षा मला कधी कधी त्यांचंच जास्त वाटायचं. तुम्ही उपयोगाचं विचारलंत ना, तर अशा वेळी शिक्षा म्हाताऱ्याची आणि भोगतो शेजारचा, याचा उपयोग मला तरी सापडलेला नाही.

प्रश्न : भाऊ जन्मठेपेत आहे, नववं वर्ष. दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलंय पण पोलीस गार्ड मिळत नाही म्हणून एखादा चुकतोच. अर्जात काय लिहू? वकील म्हणतात जितकं वाईट लिहिता येईल तितकं लिहा. — एक बहीण

ताई, वकिलांचं ऐकू नका, निदान या बाबतीत. 'भाऊ मरणाच्या दारात आहे' असं लिहिलंत की बोर्डाचा डॉक्टर बघणार की हा तर चालत आला, बोलतोय, आणि मग त्याला तुमचं बाकीचं खरंही खोटं वाटायला लागतं. डायलिसिसवर लोक वर्षानुवर्षं जगतात हे त्यालाही माहीत आहे. तुमचा मुद्दा मरणाचा नाहीच, चुकलेल्या डायलिसिसचा आहे. तोच लिहा आणि तारखांसकट लिहा, अमुक तारखेला न्यायचं होतं, नेलं नाही, पुढच्या वेळी वजन किती वाढलं होतं, पोटॅशियम किती होतं, दम लागून इमर्जन्सीत न्यावं लागलं का. हे सगळं डायलिसिस सेंटरच्या चार्टवर प्रत्येक वेळी लिहिलेलं असतं, त्याच्या कॉपी मागा, तुरुंगाच्या दवाखान्याच्या केसपेपरच्याही मागा. कैद्याला बाहेरच्या माणसाच्या तोडीचे उपचार मिळावेत हे संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांत आहे, नियम 24, तेवढं एक वाक्य घाला.

दुसरं म्हणजे सुटल्यावर तो कुठे राहणार, डायलिसिस कुठल्या सेंटरला, खर्च कोण करणार, नेणार-आणणार कोण, हे एका कागदावर. तुम्हाला आश्चर्य वाटेल पण बरेच अर्ज इथे मार खातात, आजार खरा असतो, पण घरी बघणारं कुणी आहे याचा कागदच नसतो, आणि अधिकाऱ्याला वाटतं की हा रस्त्यावर मेला तर माझ्या गळ्यात येईल. गुन्ह्याबद्दल एक ओळ लिहा, लपवू नका, फाइलवर सगळं असतंच. शेजाऱ्यांची सर्टिफिकेटं, 'स्वभावाने मनमिळाऊ' वगैरे, नको.

नववं वर्ष आहे म्हणजे वर सांगितलेली 14 वर्षांची अट तुमच्या भावाला लागत असेल, तर अर्ज कलम 161 खाली राज्यपालांच्या नावे करा, आणि तोपर्यंत उपचारासाठी पॅरोलचा अर्ज वेगळा, शिवाय डायलिसिस चुकतंय म्हणून हायकोर्टात दाद मागता येते ती वेगळी. तिन्ही एकाच वेळी चालू ठेवायला कुणाची मनाई नाही. सुटका झालीच तर ती बहुतेक अटींवर असेल, अट मोडली तर परत आत नेतात, हे भावाला आताच सांगून ठेवा.

आणि अर्ज दिल्याची तारीख जपा. अमेरिकेत केंद्रीय तुरुंगांच्या अशा अर्जांची 2013 मध्ये सरकारी तपासणी झाली होती. खालच्या अधिकाऱ्यांनी हो म्हटलेल्या 208 अर्जांपैकी 28 जण वरचा निर्णय यायच्या आधीच गेले होते. 2018 मध्ये त्यांनी कायदा बदलला, आता अर्ज तुरुंगाधिकाऱ्याच्या हातात पडल्यापासून 30 दिवस झाले की कैदी थेट कोर्टात जाऊ शकतो. आपल्याकडे तसं घड्याळ कुणी लावून देत नाही, ते तुम्हालाच लावावं लागेल, म्हणजे दर पंधरा दिवसांनी एक स्मरणपत्र, प्रत्येकात पहिल्या अर्जाची तारीख आणि त्यानंतर चुकलेली डायलिसिसं. हायकोर्टात पहिला प्रश्न हाच येणार की अर्ज कधी दिला होता. त्यामुळे अर्ज नुसता खिडकीत सरकवून घरी येऊ नका, तुमच्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका, जेवायची सुट्टी झाली म्हणाले तरी थांबा.